हळदीच्या भुशातला बर्फ

२ मे

खतवाल्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. चार महिने कोरी गेली याचं मला वाईट वाटत नाही. मोठं काम सुरू झाल्यावरच नोंदी सुरू करायच्या असतात.

निर्णय पक्का. मी, सोमेश्वर, राहणार कुरुंदा, हळद उत्पादक, वय छप्पन्न, तब्येत उत्तम, याच महिन्यात हिमालयात जाऊन गोमुखची हिमनदी पाहणार. सोबत पत्नी नर्मदा. वसमतच्या पुनमचंदची गाइडेड टूर आहे. परत आल्यावर २८ तारखेला मावंदं, म्हणजे गंगा करून आल्याचं गावजेवण.

कारण स्पष्ट लिहून ठेवतो. मागच्या बाजारी आखाडा बाळापूरच्या हॉटेलात चार लोकांत संतराम म्हणाला की, सोम्या कुठला हिमालयात जातो, त्यानं तिथला बरफ गावात आणून दाखवला तर म्या सोता त्याच्या दारात येऊन जेवून जाईन. हे मला सुदामने सांगितलं. सुदामचं सलून आहे. त्याची बातमी खात्रीची असते.

संतराम म्हणजे माझा मोठा भाऊ. घर समोरच. सात वर्षं बोलणं नाही. हळद शिजवायचा कुकर आम्ही दोघांनी मिळून घेतला होता, तो त्याच्या अंगणात असायचा. त्या साली माझी पाळी असताना त्याने स्वतःचा शेवटचा माल शिजवून घेतला, मागून अवकाळी आला आणि माझी हळद ढिगात कुजली. मी जे बोललो ते बरोबरच बोललो. तेव्हापासून मी हट्टा गावाहून भाड्याने कुकर आणतो आणि मला काहीही फरक पडत नाही.

आमच्या घराण्यात मावंद्याच्या पहिल्या पंगतीला भावकीतला मोठा बसतो. त्याने गंगेचं पाणी हातावर घेतल्याशिवाय कुणाच्या पत्रावळीवर काही वाढत नाहीत. आता मोठा म्हणजे संतरामच. त्याशिवाय चुलत घराण्यातला भागवत आहे, तोही चालेल. पण बर्फ आणणार. संतरामला माझ्या दारात पाटावर बसवून जेवायला लावणार, आणि मग मी काहीही बोलणार नाही. नुसता वाढत राहणार.

४ मे, सकाळी

चालण्याचा सराव सुरू. पुनमचंदने सांगितलं होतं की डोंगरात दोन दिवस पायी चालावं लागतं, रोज पाच किलोमीटरची सवय करा. पहाटे उठून शेतापर्यंत चालत जायचं ठरवलं.

ऊन लवकर तापलं. मोटरसायकलने शेतावर गेलो आणि तिथे धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, चाललो. अर्ध्या धुऱ्यानंतर चप्पल लागायला लागली. हिमालयात बूट असणार, म्हणजे चप्पल लागण्याचा प्रश्नच नाही. सराव समाधानकारक.

७ मे

बर्फाची व्यवस्था झाली. वसमतच्या कुल्फीवाल्याकडून थर्माकोलचा मोठा डबा आणला. बर्फ भुशात ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लाकडाच्या भुशात काय गुण? माझ्याकडे हळद पॉलिश करताना निघालेला भुसा पोतंभर पडून आहे. हळद जखमेवर चालते, लोणच्यात चालते, लग्नात चालते. बर्फाला का चालू नये? कुरुंद्याच्या माणसाला हे सुचतं, बाकीच्यांना सुचत नाही.

नर्मदा म्हणाली, काहून इतकं ओझं घेऊन राहिले, त्याच्यापेक्षा समोर जाऊन दादाला आवतन देऊन या, दोन पावलं न्हाईत. मी म्हणालो की आवतन बर्फासकट देणार. ती म्हणाली, बरफ वितळून जाईन पण तुमी न्हाई वितळायचे. बायकांना नियोजन समजत नाही.

संतरामने बाळापूरच्या बाजारात बैलजोडी विकली. नक्कीच ट्रॅक्टर घेणार. मला जळवायला.

११ मे

उद्या निघायचं. गावभर आवतन दिलं. फक्त समोरचं घर राहिलं. दोनदा दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा तो अंगणात नव्हता. दुसऱ्यांदा होता.

त्याच्या कुकरला निळा रंग दिलेला दिसला. सात वर्षांत कधी फडकं मारलं नाही, आणि मी हिमालयात निघालो तर रंग. हा माणूस माझ्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवून आहे.

निश्चय : १. प्रवासात संतरामचा विचार करायचा नाही. २. डायरीत त्याला दादा लिहायचं नाही.

१३ मे, गाडीत

आम्ही वीसेक जण. पुनमचंदच्या गळ्यात शिट्टी, हातात केशरी झेंडा. मी त्याला सांगितलं की काही अडलं तर मला विचारा. तो बरं म्हणाला आणि माझा डबा दाराजवळून हलवायला सांगितलं.

समोरच्या बाकावर रतनसिंग आणि त्यांची बायको भिकाबाई, कळमनुरीकडच्या तांड्यावरचे. कापूस, सोयाबीन. माणूस चांगला, पण सतत मोबाइलवर व्हिडिओ काढतो. खिडकीतून म्हैस दिसली तरी व्हिडिओ. मी विचारलं, कशाला? म्हणाले, आमच्या जगनला दाखवायला, भाऊ हाय माझा, त्याचा पाय अधू हाय, त्याला येता येत न्हाई. मी म्हणालो, वा. यापुढे त्यांच्याशी हवामानावर बोलायचं ठरवलं.

१६ मे, गंगोत्री

दोन दिवस बसने वळणं. नर्मदा आणि भिकाबाई खिडकीतून ओकल्या. मी ओकलो नाही. मी फक्त एकदा गाडी थांबवायला सांगून दरीचा अभ्यास केला.

थंडी वाजते. थंडीच्या मानाने मी कमी कपडे आणले, कारण डब्याला जागा हवी होती. नर्मदाने तिची शाल दिली. शालीवर मोर आहेत. बाहेरून दिसू नये म्हणून उलटी पांघरली.

इथला स्थानिक गाइड तरुण पहाडी पोरगा आहे, हिंदी बोलतो. त्याला मी माझी गरज समजावून सांगितली : मेरेको बरफ होना. त्याने विचारलं, आपको बर्फ क्यों होना है? मी म्हणालो, भाई को दिखाने. नंतर त्याने पुनमचंदला बाजूला घेऊन विचारलं की या काकांची तब्येत बरी आहे ना. हिंदी माझी उत्तम आहे, निजामाच्या वेळेपासून आमच्याकडे चालते. पहाडातल्या लोकांना ती समजत नाही.

१७ मे, भोजबासा, दुपारी

सकाळी निघताना मी सगळ्यांच्या पुढे होतो. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे.

तासाभराने मधे होतो. दम लागला नव्हता, हवा कमी होती. हवा कमी असणं हा माझा दोष नाही. नंतर रतनसिंग माझा डबा डोक्यावर घेऊन चालू लागले आणि वरून व्हिडिओही काढत होते. भिकाबाई नर्मदाला गाणं म्हणून दाखवत होती. डोंगरात गाणं म्हणायला या बायकांकडे श्वास कुठून येतो कळत नाही.

वाटेत चिरबासाला मी बसलो तो उठवेना. पुनमचंदने शिट्टी वाजवली. शिट्टीने माणूस उठत नाही. गाइडने खेचर आणलं. मी स्पष्ट सांगितलं की मी खेचरावर बसणार नाही, मग बसलो. खेचर कड्याच्या बाजूने चालतं. मी डोळे मिटून घेतले आणि सबंध वाट रामरक्षा म्हणत आलो. मधल्या ओळी विसरलो होतो, त्या ठिकाणी सुरुवातीपासून पुन्हा धरली.

आता तंबूत. डोकं ठणकतंय. जीव घाबरा होतोय. इथे मेलो तर कुरुंद्याला कळायला दोन दिवस लागतील, आणि सुदाम सगळ्यांना सांगेल की बर्फ न आणताच गेला. उद्या काहीही झालं तरी हिमनदीपर्यंत जाणार. रांगत जाणार.

१८ मे

पाहिली.

खरं सांगायचं तर फसवणूक झाली आहे. पुनमचंदच्या पत्रकावर हिमनदी पांढरीशुभ्र होती. ही काळी. वर खच्चून दगडमाती, जणू खडी क्रशरच्या मागचा ढीग. खाली एक मोठं तोंड फुटल्यासारखं, आत निळसर बर्फ, आणि त्यातून नदी धडधडत बाहेर. सारखे दगड सुटून पडतात. मधेच आतून मोठा कडाका झाला. सगळे दचकले. मी रतनसिंगांचा हात धरला, त्यांना धीर म्हणून.

मी पुनमचंदला विचारलं, पांढरी कुठे आहे? तो म्हणाला, हीच हाय सायेब, ही अशीच असती. गाइड सांगत होता की ही दरवर्षी मागे मागे जाते. त्याच्या बापाच्या लहानपणी ती पार खालच्या त्या मोठ्या दगडापाशी होती. मी म्हणालो, मग आधी सांगायचं नाही का, आम्ही आधी आलो असतो! तो म्हणाला, आपको किसने रोका था?

नर्मदा एका दगडावर बसून नुसती बघत होती. डोळ्यांत पाणी. मी विचारलं, काय झालं, डोकं दुखतंय? म्हणाली, न्हाई हो. इतकं मोठं हाय अन् उगंच गपगार झिजून राहिलं. दादांनी बघायला पाह्यजे व्हतं.

मी तिच्यावर ओरडलो. इथे त्यांचं नाव काढायचं कारण काय? पण त्याआधी, अगदी समोर आल्याबरोबर, मलाही तेच वाटलं होतं. लहानपणी पूर्णा नदीला पूर आला की दादा मला खांद्यावर बसवून बघायला न्यायचा. काहीही मोठं दिसलं की अजून त्याच्याच खांद्यावरून बघितल्यासारखं वाटतं. आज खाली कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं. उंचीवर हवा कमी असते, त्यामुळे असं होतं.

बर्फ. जवळ जायची बंदी आहे असं गाइड म्हणाला. पण नदीच्या काठाला मोठमोठे तुकडे वाहून येऊन अडकले होते. एक चांगला कोंबडीच्या खुराड्याएवढा तुकडा बघून मी पुढे झालो आणि कमरेपर्यंत नदीत गेलो. ते पाणी नव्हतं, ते सुऱ्या होत्या. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. नर्मदा म्हणते की तुमी ‘दादा’ म्हणून वरडले. ती काहीही सांगते.

रतनसिंगांनी कॉलर धरून बाहेर ओढलं. गाइड मला खूप बोलला. मग मी रडतोय असं त्याला वाटलं, तेव्हा त्याने स्वतःच काठाचा एक तुकडा उचलून डब्यात टाकला आणि म्हणाला, ले जाओ काका, पर ये पहुँचेगा नहीं. मी वरून हळदीचा भुसा गच्च भरला. नर्मदाने पाण्याचा कॅन भरला.

बर्फ मिळाला. मोहीम फत्ते. पायांना अजून संवेदना नाही.

२० मे, उत्तरकाशी

डबा उघडून पाहिला. भुसा ओला झाला आहे आणि बर्फ पिवळा. तुकडा अजून मोठा आहे, म्हणजे बऱ्यापैकी आहे. काळजीचं कारण नाही. तरी उसाच्या रसवाल्याकडून थोडा साधा बर्फ घेऊन भोवतीने लावला. खरा बर्फ मधे, साधा बर्फ पहारेकरी.

सुदामला फोन केला. म्हणाला, समोर लई गडबड हाय, तुमचा पुतण्या विजयकुमार पुण्याहून बायको-लेकरू घेऊन आलाय, सामान बांधून राहिले. मी विचारलं, कशाला? म्हणाला, मला काय म्हाईत, पण कुकरबी पुसून ठेवलाय. मी समजलो. घराला चुना मारणार. माझं मावंदं, गावातले पाहुणे माझ्या दारात येणार, समोरचं घर कळकट दिसू नये म्हणून. तो हरला आहे, आणि त्याला ते कळलंय.

नर्मदा म्हणाली, फोन लावा न दादाला, इचारा तरी. मी म्हणालो, रेंज नाही. मी याच फोनवर सुदामशी बोलून नुकताच ठेवला होता.

२२ मे, दिल्ली स्टेशन

भयंकर. हरिद्वारपर्यंत बसमध्ये उकाडा, डबा मांडीवर. पहारेकरी पार संपले. मधला तुकडा आता तांब्याएवढा. दिल्लीत गाडी बदलायची, तेवढ्यात बर्फ शोधत मी फलाटभर धावलो. हातात उघडा डबा, कपडे पिवळे, पायात एकच चप्पल. पार्सलवाल्या हमालांकडे बर्फ होता. हातापाया पडून घेतला. घाईत मधल्या तुकड्यावर ओतला.

गाडी सुटल्यावर वास आला. तो बर्फ मासळीच्या पेट्यांमधला होता.

नर्मदाने गंगेच्या पाण्याचा कॅन उचलला आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला. म्हणाली, हा बरफ आता मावंद्याला चालायचा न्हाई. मी म्हणालो, खरा बर्फ आत आहे, मासळीचा वरून आहे, आणि मधे हळद आहे. हळदीने शुद्ध होतं. ती म्हणाली, कोणता आतला अन् कोणता वरचा, दाखवा बरं.

हात घालून चाचपलं. सगळे सारखेच थंड लागले.

२३ मे, गाडीत, दुपारी

उन्हाने रेल्वेच्या डब्याचा पत्रा तापलाय. थर्माकोलला चीर गेली. बाकाखालून पिवळं पाणी वाहत पलीकडच्या कुटुंबाच्या बॅगांपर्यंत गेलं. बाई विचारत होत्या, कुछ पूजा का है क्या? मी हो म्हणालो. त्यांनी नमस्कार केला. नंतर वास आला, तेव्हा नमस्कार बंद केला.

रतनसिंग जगनला एकेक व्हिडिओ दाखवून राहिले, फोनवर. हा बघ बरफ, हे बघ पाणी, हे बघ सोमेश्वरभाऊ पडले. पलीकडे त्यांचा भाऊ हसत होता. दोघं किती वेळ नुसते हसत होते. मी वरच्या बर्थवर जाऊन तोंड भिंतीकडे करून झोपलो. झोप आली नाही. भिंत गरम होती.

रतनसिंग म्हणाले, भाऊ, बरफाचं काय घेऊन बसले, तुमी सोता जा न मोठ्या भावाकडं. मी म्हणालो, तुम्हाला सगळा इतिहास माहीत नाही. ते म्हणाले, इतिहास सांगा की, अजून पूर्णा टेशन यायला लई वेळ हाय. मी सांगायला सुरुवात केली. कुकर, माझी पाळी, अवकाळी. सांगताना फार लवकर संपला. मला वाटलं होतं पूर्णेपर्यंत पुरेल.

२४ मे

पोचलो. डब्यात पिवळं पाणी आणि तळाला हिमनदीचे खडे. अर्धी ओंजळ.

वेशीवर लोक आले होते. बायकांनी पाय धुतले. भागवतने विचारलं, बरफ कुठं हाय? मी म्हणालो, मावंद्याच्या दिवशी उघडणार, आधी उघडला तर खराब होतो. सगळ्यांना पटलं. मग घरात जाऊन दार लावून पलंगावर पडलो. चार दिवसांत बर्फ कुठून आणू?

समोर अंगणात पोतीच पोती, गाद्या बांधलेल्या. गोठा रिकामा. विजयकुमारची चिमुरडी आरोही रस्त्यावर येऊन मला आजोबा म्हणाली. मी हात केला. तिच्या मागे दारात तो उभा होता. खूप वाळलाय. मी दार लोटून घेतलं, डब्याला वास येत होता म्हणून.

नर्मदा म्हणाली, जाऊन या. मी म्हणालो, कोणत्या तोंडाने जाऊ? बर्फ कुठे आहे?

२५ मे

उपाय सापडला. वसमतला बर्फाचा कारखाना आहे. लादी आणायची, फोडायची, तळाचे खडे त्यात दाबायचे. खडे तर खरे आहेत ना? म्हणजे बर्फ खराच म्हटला पाहिजे. पाणी काय, ढगातून येतं, हिमालयातही आणि वसमतलाही.

वसमतला गेलो. लाइट नव्हती, यंत्र बंद. मालक म्हणाला, उद्या या. म्हणालो, मला फार तकलीफ आहे, आज द्या. तो म्हणाला, कोणाचं लगीन हाय का? मी म्हणालो, भावाचं जेवण. म्हणाला, मंग भाऊ थांबन की एक दिवस.

बराबर बोलला. सात वर्षं थांबला, अजून एक दिवस थांबेल.

२६ मे, सकाळी

निघतोय. बर्फ आजच आणून नर्मदाच्या माठाशेजारी गोणपाटात ठेवायचा. २८ ला दुपारी सगळ्यांसमोर उघडायचा. तो समोर उभा राहील. मी म्हणेन, दादा, बस. एवढंच म्हणेन. सराव केला. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा ठीक होता.

मोटरसायकलला किक मारताना तो समोरच्या दारात दिसला. हात वर केला त्याने. ऊन डोळ्यांवर येत असावं. मी गाडी जोरात काढली. आत्ता बोलायची वेळ नव्हती, आधी बर्फ.

२६ मे, संध्याकाळ

लाइट दुपारनंतर आली. तोवर कारखान्याच्या पायरीवर बसून होतो. लादी गोणपाटात गुंडाळून जीपच्या टपावर टाकून आणली, मोटरसायकल तिथेच ठेवली. येताना जीपवाल्याला सारखं सांगत होतो, हाणा, वितळून राहिलं.

घरासमोर उतरलो तर आमच्या अंगणात हळदीचा कुकर उभा. निळा. चाकांसकट, झाकणांसकट. वाटलं चुकून समोरच्या घराशी उतरलो. समोर पाहिलं तर दाराला कुलूप.

नर्मदा ओसरीवर बसली होती. उठली नाही. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

तुमी गेले अन् दादा आले. आवतन न्हाई दिलं तरी आले. म्हणले, नर्मदे, मावंद्याला म्या असन न्हाई, पोराची सुटी संपली, आता त्याच्याकडंच राह्यचं पुण्याला, वावर मक्त्यानं देलं. म्हणून आज जेवून जातो. म्या म्हणलं, ते येतीन आत्ता, बरफ आणाया गेले. ते म्हणले, कसला बरफ? मंग म्या सांगितलं बाळापूरच्या हाटेलातलं. त्यायला आठवंना. लई हसले, ठसका लागेपरेंत. म्हणले, हा सोमा येडा तो येडाच.

मग तिने तांब्यातलं गंगेचं पाणी त्याच्या हातावर घातलं. त्याने ते घेतलं, डोळ्यांना लावलं आणि जेवायला बसला. पिठलं-भाकर होती. पहिला घास घेऊन म्हणाला, त्याला येऊ दे, सावकाश जेवतो. सावकाश जेवला. जेवून झाल्यावरही हात न धुता बसून होता. विजयकुमार दोनदा बोलवायला आला, तिसऱ्यांदा गाडीचा हॉर्न वाजवला. तेव्हा उठला. उठताना म्हणाला, कुकर त्याचाच हाय अर्धा, अर्धा म्या कुठं नेऊ? सगळाच त्याला ठिवला. पुढच्या साली त्याची पाळी पयली.

मी विचारलं, माझी वाट किती वेळ बघितली? नर्मदा म्हणाली, भाकर वाळली हातावरची.

तर नोंद अशी की संतराम ठरल्याप्रमाणे माझ्या दारात येऊन जेवून गेला. अट माझ्या बाजूने पूर्ण झाली आहे. २८ ला पहिल्या पंगतीला भागवत बसेल. तोही चालतो असं मी आधीच लिहिलं आहे.

भागवत आत्ताच येऊन गेला. त्याने विचारलं, बरफ कुठं हाय? मी म्हणालो, आत आहे. लादी ठेवायला जागा नव्हती, गोणपाट गळत होतं, म्हणून कुकरचं झाकण उघडून आत सोडली. वर हिमनदीचे खडेही टाकले. सकाळपर्यंत राहील असं वाटत नाही. खालच्या नळीतून पाणी अंगणात येऊ लागलंय. झाकण नीट बसतं, रबर नवं घातलंय त्याने.

पुण्याला जाऊन यायचं ठरवलं आहे. मावंदं झालं की लगेच. पेरणीच्या आधी. फार तर पेरणी झाली की. पत्ता माझ्याकडे नाही. नर्मदा म्हणते तिच्याकडे आहे, विजयकुमारचा फोन नंबरही आहे, दर दिवाळीला बोलणं व्हतं. ती नंबर लावून फोन माझ्या हातात देत होती. मी म्हणालो, आत्ता ते गाडीत असतील, उगाच त्रास नको.

फोन वाजत राहिला. पलीकडून संतरामचं हॅलो आलं. मी नर्मदाकडे बघितलं, मग कुकरकडे. म्हणालो, दादा, बर्फ आणलाय.